क्रियापद कोणाच्या बाजूचे? इतिहासाच्या पाठ्यपुस्तक समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य,
इतिहास विषय समिती,
पाठ्यपुस्तक मंडळ, पुणे

विषय : नव्या पुस्तकांचे हस्तलिखित छपाईला जाण्याआधी करायच्या काही गोष्टी

स. न. वि. वि.

राज्याचा नवा अभ्यासक्रम २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरू झाला. वरच्या इयत्ता टप्प्याटप्प्याने येतील. चौथीचे पुस्तक आले की शिवकाळ येईल आणि त्यामागोमाग वाद येईल, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही. शाळेत इतिहास शिकवणारे, मोडी कागद वाचणारे आणि पाठ्यपुस्तकांची प्रुफे तपासणारे अशा काही जणांचे हे पत्र आहे. वाद पेटल्यावर कोणत्या गटाची री ओढावी, हे सांगायला आम्ही बसलेलो नाही. आमचे म्हणणे एवढेच की धडधडीत खोटे वाक्य पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडते, पक्षपात मात्र पानोपानी सापडतो. तो क्रियापदात असतो, नकाशाच्या रंगात असतो, पानांच्या वाटणीत असतो आणि कोणाला न सांगता केलेल्या पुनर्मुद्रणात असतो. या सगळ्या जागा संपादकाच्या टेबलावरच सापडतात.

आधी क्रियापद. सातवीचा कोणताही पाठ घ्या आणि सोबत लाल-निळी पेन्सिल घ्या. ‘आपल्या’ माणसाच्या प्रत्येक कृतीखाली निळी रेघ ओढा, ‘परक्या’च्या कृतीखाली लाल. मग नुसती क्रियापदे वहीत दोन रकान्यांत उतरवा. निळ्या रकान्यात बहुधा असे काही जमेल : मोहीम काढली, मुलूख जिंकला, चौथ वसूल केली, धारातीर्थी पडले. लालमध्ये : आक्रमण केले, मुलूख गिळला, खंडणी उकळली, मारला गेला. घोडे तसेच, तलवारी तशाच, रयतेची उभी पिके तुडवली गेली तीही तशीच. तरी बारा वर्षांच्या मुलाला एक काम पुण्याचे आणि दुसरे पापाचे वाटते, आणि ते कशामुळे वाटले हे त्याला कधी कळत नाही.

दुसऱ्या बाजूची खोड वेगळी. ती कर्ताच गायब करते. ‘मंदिर पाडले गेले.’ ‘दंगली उसळल्या.’ जणू समुद्राला भरती आली. १९८९ मध्ये पश्चिम बंगालच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने परिपत्रक काढून, मुस्लिम राज्यकर्त्यांनी केलेला मंदिरांचा विध्वंस पुस्तकांत सांगू नये अशी सूचना दिली होती. हेतू सलोख्याचा असेलही. परिणाम असा झाला की जे वर्गात सांगितले गेले नाही, ते पुढे दहापट तिखट होऊन सभेत सांगितले गेले. कर्मणी प्रयोग दिसला की समासात एकच प्रश्न लिहा : कोणी? उत्तर माहीत असेल तर ते वाक्यात घाला. माहीत नसेल तर तसे लिहा.

मराठीची आणखी एक अडचण आहे, ती इंग्रजीत लिहिणाऱ्याला येत नाही. महाराज येतात, खान येतो. महाराजांचे ‘आले’ काढून ‘आला’ करा, असे आम्ही म्हणणार नाही. तसे पुस्तक कोणी हातात धरणार नाही, आणि धरूही नये. पण मलिक अंबर ‘तो’ की ‘ते’? मिर्झाराजे जयसिंग मुघलांच्या बाजूने पुरंदरावर चालून आले की आला? ताराबाईंना ‘त्यांनी’ आणि अहमदनगरचा किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीला ‘तिने’, हे कोणत्या नियमाने? एक ओळीचा नियम ठरवा आणि प्रस्तावनेत छापा. सगळ्या राज्यकर्त्यांना आदरार्थी, किंवा महाराज आणि भोसले घराणे सोडून सगळ्यांना एकेरी. आमच्या मते पहिला बरा, पण दुसराही चालेल. नियम लिहिलेला नसला की प्रत्येक लेखकाच्या पोटातला नियम छापला जातो.

आता एकच प्रसंग जवळून पाहू. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याचे राजकारण सुरतेवरून तापले, आणि भांडण एका शब्दावर होते : लूट. गंमत अशी की मराठी साधनांना हा शब्द लपवावासा वाटलेला नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात बखर लिहिली, आणि सुरत लुटल्याचे तो मोकळेपणाने, किंबहुना अभिमानाने सांगतो. इंग्रज वखारीची त्या वेळची पत्रेही आहेत. तेव्हा साधनांत वाद नाही, वाद आजच्या कानांत आहे. पुस्तकात वाक्य कसे येते पाहा. ‘शिवाजीने सुरत लुटली’ असे लिहिले तर कारण गेले. ‘महाराजांनी सुरतेहून स्वराज्यासाठी धन आणले’ असे लिहिले तर सुरतेची माणसे गेली. आम्ही असे लिहू :

‘१६६० पासून सुमारे तीन वर्षे शाइस्ताखानाची फौज पुण्यात तळ देऊन होती आणि भोवतालचा मुलूख उजाड झाला होता. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी मुघलांचे श्रीमंत बंदर सुरत लुटले. तिथला मुघल अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, इंग्रजांनी आणि डचांनी आपापल्या वखारी राखल्या. शहरातल्या व्यापाऱ्यांचे मोठे नुकसान झाले.’

चार वाक्ये. कारण आहे, कृती आहे, कर्ता आहे, झळ कोणाला लागली तेही आहे. महाराज यात लहान होत नाहीत, आणि व्यापारीही नाहीसे होत नाहीत. ऑक्टोबर १६७० च्या दुसऱ्या स्वारीलाही हाच साचा चालतो.

नकाशाचे प्रकरण जास्त अवघड आहे, कारण नकाशाला क्रियापद नसते आणि पेन्सिल चालत नाही. २०२५ मध्ये एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राची शालेय पुस्तके काढणाऱ्या संस्थेच्या, आठवीच्या नव्या पुस्तकात मराठा साम्राज्याचा १७५९ चा नकाशा आला आणि त्यात जैसलमेरही रंगवलेले निघाले. जैसलमेरच्या जुन्या राजघराण्यातून हरकत आली, एनसीईआरटीला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. आपल्याकडे बऱ्याच जणांनी तो नकाशा कौतुकाने फिरवला होता. चूक होते ती अशी. मराठ्यांची सत्ता एकाच प्रकारची नव्हती. जिथे कमाविसदार बसून महसूल गोळा करत होता तो मुलूख वेगळा. जिथे राज्य दुसऱ्याचे आणि महसुलाचा चौथा हिस्सा चौथ म्हणून, वर दहावा हिस्सा सरदेशमुखी म्हणून मिळायचा, तो वेगळा. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आले, त्यात दक्षिणेच्या सहा मुघल सुभ्यांचे हेच हक्क होते आणि स्वराज्याची सनद निराळी होती. म्हणजे खुद्द मराठ्यांनी हा फरक कागदावर केला होता. तिसरा प्रकार मोहिमेपुरत्या ताब्याचा : एप्रिल १७५८ मध्ये लाहोर, त्याच साली अटक, आणि १७५९ संपता संपता अब्दालीच्या स्वारीने पंजाब हातचा गेला. हे सगळे एकाच भगव्या रंगात भरले की लाहोर आणि सातारा एक होतात. उपाय स्वस्त आहे. तीन छटा वापरा : थेट कारभार गडद, चौथाई मध्यम, मोहिमेचा ताबा नुसत्या तिरप्या रेघांनी. नकाशाच्या कोपऱ्यात साल आणि कोणत्या कागदांवरून सीमा काढली तेवढी एक ओळ. काळ्यापांढऱ्या छपाईत छटा बुजतात, म्हणून रेघांची जाडी वेगळी ठेवा. झेरॉक्सवरही कळले पाहिजे.

पानांच्या वाटणीवर आम्ही थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे दोन्ही बाजूंचा हिशेब चुकतो.

महाराष्ट्राच्या पुस्तकात मराठ्यांना जास्त जागा असावी. त्यात गैर काही नाही. एनसीईआरटीच्या सातवीच्या जुन्या पुस्तकात मराठे, शीख, राजपूत आणि जाट अठराव्या शतकाच्या एकाच प्रकरणात दाटीवाटीने बसवले होते, त्यावरची नाराजी रास्त होती. पण २०१७ च्या आपल्या सातवीच्या पुस्तकात मुघलांचा भाग आटला आणि अकबराच्या वाट्याला मोजक्या ओळी उरल्या, तेव्हा नुकसान अकबराचे झाले नाही. नुकसान शिवचरित्राचे झाले. कसे ते पाहा.

जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. २३ किल्ले आणि ४ लक्ष होनांचा मुलूख मुघलांना गेला, १२ किल्ले आणि १ लक्ष होनांचा मुलूख महाराजांकडे राहिला, आणि शंभूराजांच्या नावे पंचहजारी मनसब, म्हणजे पाच हजारांच्या दर्जाचे मुघल पद, ठरली. पुढच्या वर्षी, १२ मे १६६६ ला, आग्र्याच्या दरबारात महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे केले गेले, आणि ते भडकले. मनसब म्हणजे काय, हजारी आणि पंचहजारी म्हणजे काय, कोण कुठे उभा राहतो आणि का, हे ज्या मुलाला शिकवलेच नाही, त्याला या संतापातले काय कळणार? त्याला वाटते, महाराजांना उभे केले म्हणून राग आला. नऊ वर्षांच्या मुलाला जो दर्जा दिला तोच बापाला दिला, ही त्यातली जखम आहे. मनसबदारी गाळली की आग्र्याचा पाठ पांगळा होतो. शहाजीराजे निजामशाही, मुघल आणि आदिलशाही अशा तिन्हींकडे का राहिले, देशमुखी वतने कशी चालत, मलिक अंबराची जमीनधाऱ्याची घडी काय होती, या सगळ्याचे असेच. शत्रूचे दप्तर वाचल्याशिवाय स्वराज्याचे वेगळेपण दिसत नाही.

जागा मोजताना नुसती पाने मोजू नका. ओळी, चित्रे, चौकटी, स्वाध्यायातले प्रश्न आणि परीक्षेतले गुण, या पाचही गोष्टी मोजा. पुस्तकात दोन पाने असूनही ज्या विषयावर स्वाध्यायात एकही प्रश्न नसतो, तो वर्गात शिकवला जात नाही. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राची उत्तरपत्रिका ४० गुणांची, वेळ २ तास. शिक्षक तिच्यावरून मागे मोजत येतो, हे अभ्यासक्रम लिहिणाऱ्याला आवडो न आवडो.

आपल्या घराबाहेर आपण कसे दिसतो, हेही पुस्तकात कुठेतरी आले पाहिजे. १७४२ पासून १७५१ पर्यंत नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात होत्या. बंगाली घरांत आजही बाळाला झोपवताना ‘बर्गी’ आल्याचे अंगाईगीत म्हणतात. ते बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावरचे स्वार. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात बंगालीत या स्वाऱ्यांचे वर्णन केले : जळणारी गावे, पळणारी माणसे, बायकांवरचे अत्याचार. कलकत्त्याच्या लोकांनी या धास्तीने खंदक खणायला घेतला. शेवटी १७५१ च्या तहात बंगालचा नवाब अलीवर्दीखानाने सालीना १२ लाख रुपये चौथाई कबूल केली. आपल्या पुस्तकात ‘भोसल्यांनी पूर्वेकडे सत्तेचा विस्तार केला’ एवढ्यावर भागते. शृंगेरीचेही तसेच. १७९१ मध्ये पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला आणि मठाच्या स्वामींना मदत पाठवली टिपू सुलतानाने. त्याची पत्रे उपलब्ध आहेत. याच टिपूने कोडगूत आणि मलबारात काय केले, मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना १७८४ मध्ये कसे कैदेत नेले, तेही उपलब्ध आहे. कर्नाटकात एका सरकारने २०१५ मध्ये टिपू जयंती सुरू केली, दुसऱ्याने २०१९ मध्ये बंद केली. दोघांनाही अर्धा टिपू पुरतो. मुलाला पूर्ण लागतो.

आणि मराठवाडा. १७ सप्टेंबर १९४८, निजामाचे हैदराबाद संस्थान भारताच्या ताब्यात आले तो दिवस. आपल्याकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, केंद्राच्या लेखी हैदराबाद मुक्ती दिन, तेलंगणात २०२२ मध्ये राष्ट्रीय एकात्मता दिन आणि २०२४ मध्ये नाव बदलून प्रजापालन दिन. तारीख एकच. आठवी-नववीच्या वर्गात ही नावे फळ्यावर ओळीने लिहून ‘कोणी, केव्हा, का ठेवले?’ एवढा एकच तास घेतला तरी इतिहासाचे राजकारण मुलाला कळते, वेगळे व्याख्यान लागत नाही. पाठात काय असावे? लातूरला वकिली करणाऱ्या कासीम रझवीचे रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूची सशस्त्र संघटना, असावेत, मे १९४८ चे बीदर जिल्ह्यातले गोरट्याचे हत्याकांड असावे, स्वामी रामानंद तीर्थांचा लढा असावा. आणि पोलीस कारवाईनंतर, म्हणजे भारतीय फौजेने संस्थान घेतल्यावर, मुसलमानांवर झालेला हिंसाचारही असावा. पंडित सुंदरलाल समितीने त्यातल्या मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला आणि उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा हे जिल्हे सर्वांत जास्त पोळल्याचे नोंदवले. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नव्हता. रझाकारांशिवाय हा पाठ खोटा, सुंदरलाल अहवालाशिवायही खोटा. नांदेडच्या शाळेत दोन्ही घरांची मुले एका बाकावर बसतात. घरी ऐकलेले पुस्तकात नाही, एवढे त्यांना लगेच समजते.

आता पुनर्मुद्रण. ही आमची मुख्य तक्रार आहे, आणि मागणीही इथलीच.

पुस्तके सरकारांबरोबर बदलतात, हे नवे नाही. १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले आणि रामशरण शर्मांचे प्राचीन भारताचे पुस्तक पुढच्या वर्षी मागे घेतले गेले. २००१ मध्ये सीबीएसईने परिपत्रकाने उतारे गाळले. त्यानंतर नवी पुस्तके आली, त्यातल्या नववीच्या एका पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत गांधीहत्येचा उल्लेखच नव्हता. २००४ नंतर काटा पुन्हा फिरला. २०२२ मध्ये एनसीईआरटीने भार कमी करण्याच्या नावाखाली वगळलेल्या मजकुराच्या याद्या जाहीर केल्या. २०२३ मध्ये छापील पुस्तके हातात आली तेव्हा दिसले की गांधीहत्येबद्दलची काही वाक्ये यादीत नसतानाही गेली आहेत. गोडसेच्या ओळखीतला पुण्याचा उल्लेखही त्यांत होता. संचालकांनी ती नजरचूक असू शकते असे सांगितले. त्याच वर्षी योगेंद्र यादव आणि आपल्या पुण्याचे सुहास पळशीकर या मुख्य सल्लागारांनी राज्यशास्त्राच्या पुस्तकांवरून आमची नावे काढा, असे लिहून कळवले. २०२४ मध्ये बारावीच्या राज्यशास्त्रात ‘बाबरी मशीद’ जाऊन ‘तीन घुमटांची वास्तू’ आली. नजरचूक कोणाकडूनही होते. पण यादी आणि पुस्तक यांचा मेळ कोणीतरी वर्तमानपत्रवाला घालतो तेव्हाच ती कळत असेल, तर पद्धतीत दोष आहे.

आपल्याकडे याहून साधे चालते. पुस्तकाच्या आतल्या पानावर प्रथमावृत्तीचे साल असते, खाली पुनर्मुद्रणाचे. काय बदलले ते कुठेच नसते. संकेतस्थळावरची पीडीएफ बदलली की जुनी नाहीशी. आणि बदल बहुतेक वेळा कागदाने होत नाही, मोर्चाने होतो. दादोजी कोंडदेवांचे प्रकरण आठवा. ते महाराजांचे गुरू होते की नव्हते, यावरचा तो वाद. डिसेंबर २०१० मध्ये लाल महालातला पुतळा हलवला गेला, त्याआधी त्यांच्या नावाचा क्रीडा पुरस्कार गेला होता. मुद्दा साधनांचा होता आणि तो सरळ होता. दादोजी कोंढाण्याचे सुभेदार आणि शहाजीराजांच्या पुणे जहागिरीचे कारभारी होते, हे समकालीन कागदांत आहे. त्यांचे गुरुपद मोठे होत गेले ते नंतरच्या बखरींत. हे मुलांना दोन वाक्यांत सांगता येते. ते सांगायचे सोडून आधी एका गटासाठी नाव मोठे केले आणि मग दुसऱ्या गटासाठी पुसले. इतिहास जातीच्या तराजूत गेला, आणि समकालीन कागद व उत्तरकालीन बखर यांतला फरक शिकवण्याची हातची संधी गेली.

तेव्हा दोन नोंदी ठेवा.

पहिली साधननोंद. प्रत्येक पाठामागे एक फाइल, पुस्तकात न छापता संकेतस्थळावर. वाक्य, त्याचे साधन, ते समकालीन की नंतरचे, कोणत्या भाषेतले. सगळ्या वाक्यांना नको, नाहीतर कामच होणार नाही. तारीख, आकडा, हेतू आणि आरोप, या चार प्रकारच्या वाक्यांना पुरे. सर्वांत जास्त गफलत हेतूच्या वाक्यांत होते. ‘औरंगजेबाला भीती वाटू लागली’, ‘पेशव्यांना वाटले’. वाटले हे कोणाला कसे कळले? साधन नसेल तर वाक्य काढा, पाठ अडत नाही. जमते कसे याचा नमुनाही घरातच आहे. महाराजांच्या जन्माच्या दोन तिथी होत्या : शके १५४९ ची वैशाख शुद्ध २ आणि शके १५५१ ची फाल्गुन वद्य ३. जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार नोंद, प्रसिद्ध झाली, ती दुसरीच्या बाजूने पडली, अभ्यासक वर्षानुवर्षे भांडले आणि शेवटी शासनाने १९ फेब्रुवारी १६३० स्वीकारली. हा सगळा प्रवास अर्ध्या पानाच्या चौकटीत मावतो.

या नोंदीतून एक नवा रोग उद्भवतो, तोही सांगून ठेवतो. ‘काहींच्या मते असे, काहींच्या मते तसे’ असे लिहून हात झटकण्याचा. साधने जिथे फुटतात तिथेच दोन मते द्या. लोक फुटले म्हणून नको.

दुसरी बदलनोंद, आणि ही आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. प्रत्येक पुनर्मुद्रणासोबत एक तक्ता : पान, ओळ, जुना मजकूर, नवा मजकूर, कारण, मागणी कोणाची, निर्णयाची तारीख. जुनी पीडीएफ सालासह तिथेच राहू द्या. तक्त्यात नसलेला बदल छापखान्याने घेऊ नये, असा नियम करा. त्यामुळे रात्रीच्या फोनवर होणारे बदल आपोआप थांबतील, कारण ‘मागणी कोणाची’ हा रकाना भरायला सहसा कोणी तयार होत नाही. उर्दू, कन्नड, गुजराती माध्यमांच्या आवृत्त्यांनाही हाच तक्ता लागू हवा. भाषांतरात ‘गनीम’चा ‘शत्रू’ होतो आणि ‘लुटली’चे ‘जिंकली’, तेही नोंदले जावे.

दहावीच्या पुस्तकात तुम्ही व्हॉल्टेअर, रांके, मार्क्स, फुको सगळे आणले. मूळ कागद तपासावा, लिहिणाऱ्याची बाजू ओळखावी, हे तिथे शिकवले आहे आणि ते पाठ उत्तम आहेत. तीच कसोटी चौथी ते नववीच्या पुस्तकांना लावा, एवढेच मागणे आहे.

तक्त्याची एक ओळ नमुन्यादाखल भरून देतो. मजकूर कल्पित आहे, रकाने खरे आहेत :

पान १२, ओळ ७. जुने : ‘सुरतेहून धन आणले.’ नवे : ‘सुरत लुटली.’ कारण : सभासदाची बखर, इंग्रज वखारीची पत्रे. मागणी : समिती सदस्य, लेखी. तारीख : निर्णयाच्या दिवशीची.

अशी एक ओळ भरायला दहा मिनिटे लागतात. पहिला तक्ता चौथीच्या पुस्तकाचा हवा, आणि तो पुस्तकाच्या आधी संकेतस्थळावर यावा.

आपले,
इतिहास शिकवणारे आणि मोडी वाचणारे काही जण